दहा-अकराचा पाना

मुरारच्या त्या आवारात मी पहिल्यांदा गेलो
एका खाटेचा बोल्ट बसवायला.
सिस्टर तिर्कींनी विचारलं, पैसे किती?
म्हटलं, बोल्टचे पाच रुपये द्या,
दुपार तर माझ्याकडे पडूनच असते.

छोट्या लाइनीचा फिटर मी.
गाडी बंद झाली, पाने माझ्याकडे राहिले.
लष्करात, आमच्या गल्लीत, दबक्या आवाजात विचारतात:
काय बळवंतराव, ख्रिस्ती आश्रमात? तिथं काय?
तिथं एकतीस खाटा आहेत, मी सांगतो,
आणि त्या डुगडुगतात.

व्हरांड्यात जोसेफचा पुतळा. हातात रंधा.
बाकी देवांशी माझं बोलणं बेताचंच,
पण हा हत्याराचा माणूस. येता-जाता
मी त्याला मान हलवून दाखवतो.

जानेवारीत आइनो आली, फिनलंडहून, तीन महिन्यांसाठी.
आम्ही सगळे कानटोप्यांत,
ती धुक्यात उघड्या डोक्यानं उभी, जणू चैत्र आहे.
तिची हिंदी चार शब्दांची: पानी, बस, अच्छा, और.
माझं इंग्रजीही तेवढंच, सगळं लोखंडाचं:
नट, बोल्ट, वॉशर, ग्रीस.
या आठ शब्दांत आम्ही हापशाचा दांडा बदलला.
ती खालून धरायची, मी वरून आवळायचो,
और, और, बस. अच्छा.
पानी.

मग तिनं जेवणघराच्या भिंतीवर देवमासा काढला,
सांक नदीपलीकडे पाणी न पाहिलेल्या पोरांसाठी.
त्याच्या पोटाशी टेकून पोरं वरण-भात खातात,
आधी हात जोडून, एक डोळा उघडा ठेवून.

त्यातलीच एक, आठ वर्षांची, समोरचा दात पडलेली.
आइनोला तिनं सांगितलं, मी प्रीती.
आदल्या वर्षीच्या जर्मन पोराला, मी काजल.
त्याआधीच्या म्हाताऱ्या जोडप्याला, मोनिका.
जो विमानानं येतो त्याला एक नवं नाव,
तो गेला की तेही गेलं, अंगावरच्या धुळीसारखं.
रजिस्टरच्या कपाटाला कडी बसवताना
मी खरं वाचलं.
इथं ते लिहिणार नाही.

दर दुसऱ्या रविवारी बिलौआच्या खाणीवरून तिची आई येते.
भुवयांत गिट्टीची पांढरी भुकटी, पदरात गजक.
आत यायला लाजते. फाटकातूनच हाक मारते,
त्या खऱ्या नावानं.
आणि ही पोरगी ताट तसंच टाकून
चप्पल न घालता, देवमाशाला वळसा घालून, सुसाट.

आइनो तेव्हा हापशावर डबा भरत होती.
तिनं हाक ऐकली, पळणारे पाय पाहिले.
डबा भरून वाहू लागला तरी ती उभीच.
संध्याकाळी तिनं पोरीचे केस विंचरले,
म्हणाली, प्रीती, बस? प्रीती, अच्छा?
आणि जाईपर्यंत प्रीतीच म्हणत राहिली.

ती गेली त्या दिवशी रडली तीच.
पोरं रिक्षा वळेपर्यंत थांबली,
मग कुणीतरी चेंडू काढला.
मला राग आला, खोटं कशाला बोलू.
इतकं तरी? एक आसू?
पाहिलं तर प्रीती, म्हणजे ती, हापशाखाली
आइनोचा निळा मग राखेनं घासत होती.
घासून घासून खिडकीत पालथा ठेवला,
मागून आलेल्या चौघांच्या मगांशेजारी.

परवा त्याच खाटेचा बोल्ट पुन्हा सैल झाला.
मी खाली झोपून, पाय बाहेर.
विचारलं, काय गं, मला कुठलं नाव सांगितलंयस?
वरून हसू.
आपको काहे का नाम? आप कहाँ जाओगे?

मी काय बोलणार.
गुडघ्यांचं पुढच्या थंडीत काय होईल कुणास ठाऊक,
मुलगा तर पुण्याला बोलावतोच आहे.
हात बाहेर काढला, बोटं चाचपडली,
मागायच्या आधीच तळहातावर थंडगार लोखंड,
दहा-अकराचा.
बरोब्बर.